कर्जफेड प्रकल्प: आमच्या घरची वही

३० जून २०२४

उद्या शाळा उघडते. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा लागतात, म्हणून निर्णय आजवर ढकलता आला. मोठी पहिलीत जाणार. यांनी हिंगणघाटच्या एका कॉन्व्हेंटचा फॉर्म आणून ठेवला होता. वर्षाची फी १४,०००, गाडीचे महिन्याला ७००, ड्रेस-बूट वेगळे. पैसे कुठून आणायचे म्हणून विचारलं तर म्हणे, "पाहू ना, घेऊ कोणाकडून तरी."

मी बचत गटाची सचिव आहे. बारा बायांचे हिशेब दर आठवड्याला लिहिते. कोणाची बचत राहिली, कोणाचं व्याज आलं, सगळं तोंडपाठ असतं. पण आपल्या घरावर एकूण कर्ज किती, हे मला सांगता आलं नाही. यांनाही नाही. बाबा, म्हणजे माझे सासरे, तर म्हणाले, "सकाळी सकाळी काहून काढली ही गोष्ट?"

गटाची एक कोरी वही उरली होती, तिच्यावर 'प्रकल्प' लिहिलं. उमेदच्या (बचत गटांच्या सरकारी अभियानाच्या) प्रशिक्षणात शेळीपालन प्रकल्प, मसाला प्रकल्प असं सगळं शिकवतात, तर हा कर्जफेड प्रकल्प. मोठी जिल्हा परिषदेच्या शाळेतच जाईल. पुस्तकं, ड्रेस आणि दुपारचा भात तिथे मिळतो, आणि पहिलीच्या बाई चांगल्या आहेत. कॉन्व्हेंटचा फॉर्म यांनी फाडला नाही, कपाटात ठेवला. मीही काही बोलले नाही.

५ जुलै २०२४

पाच दिवस लागले सगळं जमा करायला. पावत्या गादीखाली, पासबुक पिठाच्या डब्यामागे, काही आकडे तर फक्त यांच्या डोक्यात.

बाबांच्या नावचं बँकेचं पीक कर्ज ९०,०००. माझी पोत आणि झुमके एका खासगी फायनान्सकडे, त्यावर ८०,०००, शेकडा पावणेदोन महिन्याला (बाबांच्या पायाच्या ऑपरेशनच्या वेळचं). नणंदेच्या लग्नात घेतलेलं मायक्रोफायनान्सचं ४१,६००, पंधरा दिवसाला १,५६०, अजून तीस हप्ते. मोटारसायकलचे २,९५० चे अकरा हप्ते. मोबाईलचे १,४९९ चे पाच. कृषी केंद्रात २३,४००. किराणा ८,७५०. आणि गावातल्याच एकांकडून हातउसने ३०,०००, शेकडा तीन. हे शेवटचं मला आजच कळलं.

बेरीज ३,१३,६९५. पीक कर्ज वगळून २,२३,६९५.

बेरजेपेक्षा दुसऱ्या आकड्याने झोप उडाली. पंधरवड्याचे दोन हप्ते, गाडी, मोबाईल, सोन्याचं व्याज आणि शेकडा तीनचे ९०० मिळून महिन्याला ९,८६९ रुपये चूल पेटायच्या आधीच जातात. माझ्या शिलाईचे येतात तीन हजाराच्या आसपास. हे दुसऱ्याचं ट्रॅक्टर चालवतात, काम असेल त्या दिवशी ४०० रुपये, आणि पाऊस लागला की ट्रॅक्टर गोठ्यात उभं. चार एकर कोरडवाहू, अडीच एकर पऱ्हाटी (कापूस), दीड एकर सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी. त्याचा पैसा दिवाळीपासून पुढे. म्हणजे हप्ते बारा महिन्यांचे आणि पीक चार महिन्यांचं. मधल्या महिन्यांत आपण उधारीवर जगतो, आणि ती उधारी पिकाच्या पैशातून फेडली की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वही उघडायची.

नियम एकच ठरवला. आजपासून दुकानाच्या वहीत नवी ओळ नाही. जुनी बाकी महिन्याला १,५०० ने फेडायची.

१९ जुलै २०२४

काटकसरीची पहिली पंधरवडी. काय काय बंद केलं ते लिहिण्यात अर्थ नाही, कारण बंद करण्यासारखं फारसं नव्हतंच. बिस्किटाचे पुडे, लहानाचं कुरकुरे, केबल. एका मोबाईलचा रिचार्ज बंद, घरात एकच फोन नेटवर. या महिन्यात सगळ्या खासगी मोबाईल कंपन्यांनी भाव वाढवले. दिवसाला दीड जीबीचा जो रिचार्ज अडीचशेच्या आत होता, तो २९९ झाला. आणि त्यांचा महिना २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला तेरा महिने. आपल्याला मात्र बाराच महिन्यांचं काम मिळतं.

पावसाळ्यात भाजी विकत घेत नाही. धुऱ्यावर तरोटा आहे, अंगणात अंबाडी, वावरात चिवळ. आईंनी कण्या घालून अंबाडीची भाजी केली, वरून लसणाचं तेल. पहिले चार दिवस सगळे बोटं चाटत होते, पाचव्या दिवशी मोठी म्हणाली, "आज पण अंबाडीच?" आज आलू आणले.

खरी बचत कुठे झाली ते सांगते. आमच्या किराणावाल्याकडे तेलाचा पुडा नगदी घेतला तर एक भाव आणि वहीत लिहिला तर आठ रुपये जास्त. साखर, चहापत्ती, साबण, सगळ्याला असंच. इतकी वर्षं मला वाटायचं तो भला माणूस आहे, पैसे नसताना सामान देतो. भला आहेच, पण फुकट नाही. नगदी घ्यायला लागल्यापासून तेच सामान महिन्याला चारशेच्या आसपास स्वस्त पडेल असा माझा हिशेब आहे. चहा सोडून इतके वाचले नसते.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी. हे लिहायलाच पाहिजे. दिवसाला दोन, तीस रुपयांचा एक. महिन्याचे १,८००. एवढे माझ्या शिलाईच्या निम्म्याहून जास्त होतात. मी वही पुढे केली, बोलले काहीच नाही. हे बराच वेळ पाहत बसले, मग म्हणाले, "एकावर आणतो." पुढच्या महिन्यात पूर्ण बंद असं ठरलं.

१७ ऑगस्ट २०२४

लाडक्या बहिणीचे जुलै-ऑगस्टचे ३,००० जमा झाले. बँकेसमोर ही रांग.

आज गटाच्या बैठकीत मी पहिल्यांदा स्वतःसाठी कर्ज मागितलं. ३०,०००. इतके दिवस दुसऱ्यांचे अर्ज वाचून दाखवायचे, आज माझाच वाचताना आवाज अडकला. अध्यक्षबाईंनी कारण विचारलं, गटाच्या दहा नियमांत, दशसूत्रीत, बसतं ते. मी म्हटलं, शेकडा तीनचं फेडायचं आहे. कोणी हसलं नाही. दोघी तर खाली पाहत बसल्या. त्यांचंही त्याच माणसाकडे असावं.

गटाचं व्याज शेकडा एक, आणि ते व्याजही गटातच राहतं. ९०० चे ३०० झाले. महिन्याला १,८०० मुद्दल देईन म्हणून लिहून दिलं. हातात उरणारा पैसा उलट कमी झाला, पण इतके दिवस ९०० देऊन ३०,००० चे ३०,००० च राहत होते.

३ सप्टेंबर २०२४

काल पोळा, आज तान्हा पोळा. आमच्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा नावाजलेला, आमच्या गावचा साधाच. लहानाला लाकडी नंदी पाहिजे होता. बाजारात सजवलेला आठशेच्या खाली नाही. बाबांनी यांच्या लहानपणचा नंदी माळ्यावरून काढला, एक शिंग तुटलेलं. हळद लावून, तुटक्या शिंगाला झेंडूचं फूल बांधून नेला. बोजाऱ्याचे (नंदी घरोघरी नेला की मिळतात ते) १८० रुपये घेऊन आला. ते त्याचेच, वहीत धरले नाहीत.

१३ सप्टेंबर २०२४

महालक्ष्म्या काल गेल्या. तीन दिवसांत घरात जे झालं त्याची नोंद ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी मीच विसरेन.

आमच्याकडे दरवर्षी साठ-सत्तर पानं उठतात. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या, कढी, वडे. मागच्या वर्षी साडेसात हजार लागले होते, त्यातले बरेचसे किराण्याच्या वहीत. मी आठवडाभर आधी आईंना म्हटलं, यंदा घरचेच आणि सवाष्णी, बस. आई काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन दिवस माझ्याशी बोलणं बंद. मुखवटे पुसताना आपल्याशीच म्हणत होत्या, "माझ्या सासूनं दुष्काळातही पानं कमी नाही केली." मग मी म्हटलं, "आई, तुमच्या सासूबाईंनी ते धान्य आणलं कुठून होतं?" हे बोलायला नको होतं. बाबांनी मला नजरेनंच गप्प केलं.

पूजेच्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू टोपलं घेऊन आल्या. दोडके, भेंड्या, लाल भोपळा. त्यांच्या मागून आणखी दोघी. त्यांना कोणी सांगितलं ते मला माहीत नाही, पण आईंच्या तोंडावरून कळत होतं. सोळा भाज्या झाल्या. पानं बावीस उठली. खर्च २,१४०, सगळा नगदी. आई आज सकाळी म्हणाल्या, "आंबील जरा पातळ झाली होती." म्हणजे बोलणं सुरू.

२० सप्टेंबर २०२४

तेल एकदम वीसेक रुपयांनी महागलं. केंद्राने बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं, कच्च्या खाद्यतेलावर मूळ शुल्क शून्याचं २० टक्के. सोयाबीनवाल्याला भाव मिळावा म्हणून, असं बातम्यांत सांगतात. सोयाबीनवाले आम्हीच. पाहू.

२८ ऑक्टोबर २०२४

पाहिलं. हमीभाव ४,८९२. बाजार समितीत आमच्या सोयाबीनला लागला ४,०५०. तेल महाग घेतोच आहोत.

दीड एकरात नऊ क्विंटल झालं. पाच विकलं, चार ठेवलं हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी करून. ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे म्हणतात, म्हणून छतावर वाळत घातलंय आणि आई काठी घेऊन कोंबड्या हाकलतात. बाबा म्हणत होते सगळंच विकून टाक. दिवाळीच्या तोंडावर हातात पैसा नसला की कोणीही तेच म्हणेल.

२०,२५० आले. सवंगणीचे (कापणीचे) ४,२००, थ्रेशरचे २,२५० गेले. उरलेल्या १३,८०० मधून कृषी केंद्रात १०,००० आणि किराण्याची शेवटची बाकी २,७५०. दुकानदाराने आमच्या पानावर आडवी रेघ मारली आणि विचारलं, "नाराज आहे का माझ्यावर?"

दिवाळीला राहिले १,०५०. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरचे लाडक्या बहिणीचे ३,००० एकदमच आले. निवडणूक आहे.

४ नोव्हेंबर २०२४

सोन्याचं काम झालं. हे मागच्या चार महिन्यांपासून अडून होतं. बँकेत शेतीच्या सोनेतारणाला वर्षाला नऊ टक्क्यांच्या आसपास व्याज, आणि आम्ही खासगीत भरत होतो एकवीस. पण सोनं इथून सोडवल्याशिवाय तिथे ठेवता येत नाही, आणि सोडवायला ८०,००० एकरकमी पाहिजेत. काल भाऊबीज. दादाने ताटात पाचशेची नोट टाकली. मी म्हटलं, ओवाळणी नको, ऐंशी हजार दे दोन दिवसांसाठी. तो आधी हसला. मग हसायचं थांबला. त्याच्याकडे बैलजोडी विकल्याचे पैसे होते.

आज सकाळी सोडवलं, दुपारी बँकेत मोजलं, संध्याकाळी दादाच्या खात्यात पैसे परत. दोन दिवसही लागले नाहीत. भाव इतका चढला आहे की बँकेतले साहेब म्हणाले, एक लाखापर्यंत बसेल. हे माझ्याकडे पाहायला लागले. मी ८०,००० चाच अर्ज भरला.

व्याजात वर्षाचे ९,६०० वाचतील. त्याहून मोठी गोष्ट अशी की इथे दर महिन्याला काही भरायचं नाही, मुद्दल-व्याज वर्षाच्या शेवटी एकदम. पुढच्या ४ नोव्हेंबरला. तोवर नवं सोयाबीन निघालेलं असेल. वहीत पहिल्यांदा एक तारीख आमच्या वावराशी जुळली.

पाचशे दादाने परत घेतले नाहीत.

२४ नोव्हेंबर २०२४

सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) करून कापसाची वेचणी सुरू केली होती, तिला आता तीन आठवडे झाले. वेचाई किलोला १० रुपये, त्यामुळे मी आणि आई पहाटेपासून वावरात. शिलाई मागे पडली. हे कापसाच्या जिनिंग कारखान्यात लागले, रोज ४५०, मार्चपर्यंत काम आहे. पहिला तीन क्विंटल खेडा खरेदीवाल्याला (गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला) ६,८०० ने दिला आणि त्यातून कृषी केंद्राचे उरलेले १३,४०० मिटवले. नुकसानीचा सौदा, माहीत आहे. पण त्या दुकानात उधारी असेपर्यंत डीएपी खताच्या पोत्यासोबत नको ती बाटली गळ्यात मारतात, आणि उधारीवाल्याला नाही म्हणता येत नाही. मोबाईलचा हप्ताही याच महिन्यात संपला.

२२ डिसेंबर २०२४

आज वही फेकावीशी वाटली.

ऑगस्टपासून खर्ऱ्याच्या रकान्यात मी शून्य लिहीत होते. आज पानठेलेवाला घरी आला, यांचं नाव घेत. २,३४० रुपये. उधारी. म्हणजे बंद झालाच नव्हता, फक्त वहीतून बाहेर गेला होता. मी किराण्याच्या दुकानातून आमचं पान बंद केलं आणि यांनी पानठेल्यावर नवं उघडलं.

हे म्हणाले, "तू रोज वही घेऊन बसते, मले सांगाची हिंमत नाही झाली." मला राग आला आणि थोडी लाजही वाटली. पोलिसासारखी वागत होते का मी? रात्री खूप वेळ भांडलो, आवाज न करता, पोरं झोपली होती. शेवटी ठरलं ते असं. खर्रा दिवसाला एक, नगदी, आणि तो वहीत 'खर्रा' म्हणूनच लिहायचा. महिन्याचे ९००. मागचे सगळे शून्य लाल शाईने दुरुस्त केले. बंदच व्हायला पाहिजे, पैशासाठी नाही, तोंडासाठी. यांच्या मोठ्या काकांचं तोंड उघडत नाही आता. पण खोट्या शून्यापेक्षा खरे ९०० मला चालतील, आत्ता तरी.

१७ जानेवारी २०२५

हमीभावाच्या केंद्राचे चार क्विंटलचे १९,५६८ खात्यात आले. अडीच महिने वाट पाहिली, बाजारभावापेक्षा ३,३६८ जास्त. संक्रांतीचं वाण या वर्षी वाल आणि पावट्याच्या बियांच्या पुड्या. बायांनी परसात लावल्या तर मला कळवा म्हटलं.

हे पैसे घेऊन मायक्रोफायनान्सच्या केंद्र बैठकीला गेले. चौदा हप्ते भरून झाले होते, सोळा राहिले. म्हटलं एकदम बंद करायचं आहे. तिथला पोरगा म्हणाला, मधेच बंद होत नाही ताई, त्यापेक्षा हे मिटवून ऐंशी हजाराचं नवं घ्या. मी म्हटलं, २०२२ चा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. हे आम्हाला उमेदच्या आर्थिक साक्षरतेच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, मी पानावर उतरवून घेतलं होतं, ते पान दाखवलं. दोन दिवस साहेबांशी बोलतो-बोलतो झालं. शेवटी २३,२६० भरून पावती मिळाली. कमी पडले ते यांच्या जिनिंगच्या मजुरीतून.

केंद्रातल्या बाकीच्या नऊ जणींपैकी तिघींनी तेवढ्यात ऐंशी हजाराचे फॉर्म भरले. मी काय बोलणार. माझीही मागच्या पाच वर्षांपूर्वीची सही तिथेच आहे.

२९ मार्च २०२५

हिशेबातला सगळ्यात अवघड दिवस. पीक कर्ज भरायचं की नाही?

निवडणुकीत कर्जमाफीचं बोलले होते, म्हणून गावात डिसेंबरपासून कोणी भरत नाही. बाबांचं म्हणणं स्वच्छ आहे. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत थकलेल्यांना दोन लाखांपर्यंत माफी मिळाली. आम्ही नियमित भरणारे, आमच्यासाठी ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन, आणि तेही २०२२ उजाडल्यावर. "भरणारा मूर्ख ठरते बाई." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

काल उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले की ३१ तारखेच्या आत पैसे भरा. मी बाबांना माफीबद्दल काही समजावलं नाही. फक्त दोन ओळी लिहून दाखवल्या. वेळेत भरलं तर तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर केंद्र-राज्याची सवलत मिळून व्याज लागत नाही, आणि नवं-जुनं करून मे महिन्यात पेरणीला पुन्हा ९०,००० हातात. थकलं तर जूनमध्ये बियाण्याला पुन्हा कृषी केंद्र, नाहीतर शेकडा तीन.

सीसीआयला (सरकारी कापूस खरेदीला) दिलेल्या बारा क्विंटल कापसाचे, ओलाव्याची कपात जाऊन, ८७,७२० खात्यातच ठेवले होते. त्यात थोडे घालून भरले. बँकेतून येताना पारावरच्या एकाने विचारलं, "भरून आले का बुवा?" बाबा म्हणाले, "हाव. सुनेनं भरायला लावले." कौतुक होतं की तक्रार, समजलं नाही. उद्या गुढीपाडवा.

११ मे २०२५

गाडीचा शेवटचा हप्ता. एनओसी यायला महिना लागेल म्हणतात. यांनी गाडी धुतली, तेवढंच.

८ जून २०२५

काल कृषी केंद्रातून पऱ्हाटीच्या बियाण्याच्या पाच पिशव्या आणल्या. मागच्या वर्षी ८६४ ची होती, यंदा ९०१. ४,५०५ नगदी मोजले. दुकानदाराने सवयीने वही उघडलीच होती, आमचं पान शोधत होता. डीएपीसोबतची बाटली यांनी काउंटरवरच सोडली.

आजची स्थिती अशी. बँकेतलं सोनं ८०,०००. गटाचे १२,०००. पीक कर्ज ९०,०००, नवं. एकूण १,८२,०००. मागच्या जुलैपेक्षा १,३१,६९५ कमी.

महिन्याला जाणारा हप्ता आता फक्त गटाचा. खर्रा चालूच आहे, एक. मे महिन्यात लग्नसराईत चौदा दिवस दोन, तेही लिहिलेत.

कॉन्व्हेंटचा फॉर्म काल कपाट आवरताना सापडला. मोठीने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर घरातल्या सगळ्यांची चित्रं काढली आहेत, बाबांच्या हातात काठी आणि माझ्या हातात वही.

पाऊस अजून नाही. मृग कोरडाच लागला. सोनं सोडवायला १४९ दिवस.